साखर कारखान्याच्या स्काडात कोणती मॉड्यूल ठेवावीत, कोणती काढावीत आणि इग्निशन ८.३ वर केव्हा जावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा इन्स्ट्रुमेंट विभाग तुम्ही पाहता. मिल, बॉयलिंग हाऊस, को-जन (वीजनिर्मिती) आणि डिस्टिलरी या सगळ्यांचे स्काडा (यंत्रांचे आकडे पडद्यावर दाखवणारी आणि साठवणारी संगणक प्रणाली) इग्निशन या सॉफ्टवेअरच्या ८.१ आवृत्तीच्या एकाच गेटवेवर, म्हणजे मुख्य सर्व्हर प्रोग्रॅमवर, चालते. त्यावर मूळ कंपनीच्या मॉड्यूलांखेरीज (मॉड्यूल म्हणजे एकेक काम करणारा जोडभाग) बाहेरची दोन मॉड्यूल आहेत: एक एमक्यूटीटी इंजिन, म्हणजे एमक्यूटीटी या संदेशपद्धतीने डेटा घेणारे, आणि दुसरे वजनकाट्याचे वजन वाचण्यासाठी एका इंटिग्रेटरने (प्रणाली जोडून देणाऱ्या कंत्राटदाराने) खास लिहून दिलेले. पुरवठादार म्हणतो सगळे ८.३ वर न्या. चीफ इंजिनिअर साहेब म्हणतात खर्च कमी करा, नको ती मॉड्यूल काढून टाका. आणि बिघडले तर मागे कसे यायचे, हे दोघांपैकी कोणीही सांगत नाही.

माझे मत आधी सांगतो. वजनकाट्याचे मॉड्यूल या ऑफ-सीझनमध्ये काढावे. बाकीच्यांना, ती कशाला आधार देत आहेत हे लिहून काढल्याशिवाय, हात लावू नये. ८.३ वर जाण्याचा निर्णय पुरवठादाराच्या कोटेशनवरून न घेता एमक्यूटीटी मॉड्यूलच्या तयारीवरून आणि डिस्टिलरीच्या वेळापत्रकावरून घ्यावा. यामागची कारणे सविस्तर देतो.

प्रथम खर्चाचा मुद्दा, कारण तो लवकर संपणारा आहे. इग्निशन बसवताना मूळ कंपनीची बहुतेक मॉड्यूल आपोआप येतात. ज्याचे लायसन्स घेतलेले नाही ते दोन तासांच्या ट्रायलवर चालते आणि वेळ संपली की थांबते. अशी मॉड्यूल यादीत दिसतात म्हणून त्यांचे पैसे जात आहेत असा समज होतो, तो बरोबर नाही. ज्या मॉड्यूलचे लायसन्स एकदा विकत घेतले आहे ते काढल्याने भरलेले पैसेही परत येत नाहीत. फरक पडलाच तर तो दर वर्षीच्या सपोर्ट कराराच्या रकमेत पडतो, आणि त्यासाठी विक्रेत्याशी बोलणी करावी लागतात. तेव्हा साहेबांना स्पष्ट सांगा की मॉड्यूल काढण्याचे खरे कारण पैसे वाचवणे हे नाही.

खरे कारण वेगळे आहे. इग्निशनच्या गेटवेवरची सगळी मॉड्यूल एकाच जावा प्रक्रियेत, एकाच मेमरीत चालतात. त्यामुळे एखाद्या मॉड्यूलने मेमरी धरून ठेवली आणि सोडली नाही, तर त्याचा फटका त्या मॉड्यूलपुरता राहत नाही. काही दिवसांनी ट्रेंड उशिरा उघडू लागतात, मग ऑपरेटरचे पडदे अडखळू लागतात, आणि शेवटी पूर्ण गेटवे रीस्टार्ट करावा लागतो. मूळ कंपनीची मॉड्यूल प्रत्येक आवृत्तीबरोबर तपासून बाहेर पडतात. बाहेरच्या मॉड्यूलांची तशी हमी त्यांच्या कर्त्याकडेच असते, आणि तो कर्ता एका माणसाचे ऑफिस असेल तर ती हमी त्या माणसाच्या फोन उचलण्यापुरती उरते. म्हणून माझा नियम असा आहे की बाहेरचे प्रत्येक मॉड्यूल दर ऑफ-सीझनला पुन्हा तपासायचे: याच्याशिवाय काम भागते का? भागत असेल तर त्याला निरोप द्यायचा.

आता मूळ कामाकडे येऊ. मॉड्यूलांची यादी गेटवेच्या पानावर असतेच. नाव, आवृत्ती, लायसन्सची स्थिती, चालू आहे की दोषात गेले आहे, हे सगळे तिथे दिसते. जे दिसत नाही ते तुम्हाला लिहायचे आहे: या मॉड्यूलवर काय टेकलेले आहे आणि ते थांबले तर प्लांटमध्ये काय थांबेल. उदाहरण म्हणून मॉडबस ड्रायव्हर घ्या, म्हणजे मॉडबस या संदेशपद्धतीने बोलणाऱ्या उपकरणांचे आकडे वाचणारे मॉड्यूल. त्याच्या नोंदीत मी असे लिहीन: सल्फिटेशनचा (रस शुद्ध करण्याच्या टप्प्याचा) पीएच ट्रान्समीटर, ज्यूस फ्लो मीटर आणि को-जनचे एनर्जी मीटर या ड्रायव्हरवरून वाचले जातात, ड्रायव्हर थांबल्यास पीएचचा आकडा पडद्यावर दिसणार नाही, परंतु चुना आणि सल्फर डायऑक्साइड यांचे नियंत्रण पीएलसीच्या (यंत्रे प्रत्यक्ष चालवणाऱ्या नियंत्रकाच्या) लूपमध्ये असल्याने ते चालू राहील आणि लॅबमधून दर तासाला नमुना तपासून काम रेटता येईल, मात्र एनर्जी मीटरचे तासाचे आकडे हुकतील आणि को-जनच्या दैनिक अहवालात खड्डा पडेल.

या एका नोंदीत सगळ्यात मोलाचे वाक्य कोणते, ते पाहा: नियंत्रण पीएलसीत आहे की गेटवेवर. पुष्कळ कारखान्यांत सुरुवातीला सगळे लूप पीएलसीतच असतात. पुढे कोणीतरी सोयीसाठी इम्बिबिशनच्या (मिलमध्ये उसाच्या चोयट्यावर सोडायच्या) पाण्याचे प्रमाण किंवा एखाद्या पंपाचे इंटरलॉक गेटवेवरच्या स्क्रिप्टमध्ये लिहितो, आणि ते तिथेच राहते. अशी एकही स्क्रिप्ट असेल तर गेटवे हा केवळ दाखवणारा राहत नाही, चालवणारा होतो, आणि मग कोणतेही मॉड्यूल बदलणे हे चालू यंत्राला हात घालण्यासारखे होते. अशा स्क्रिप्ट शोधून पीएलसीत परत नेणे, हे मॉड्यूलांच्या कामाआधीचे काम समजा.

दुसरी बाब अहवालांची. टॅग हिस्टोरियन (टॅगचे, म्हणजे स्काडातल्या प्रत्येक नाव दिलेल्या आकड्याचे, जुने आकडे साठवणारे) आणि रिपोर्टिंग ही दोन मॉड्यूल वेगळी असली तरी तुमचा दैनिक उत्पादन अहवाल दोघांवर मिळून उभा असतो, आणि तो मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टपासून कार्यकारी संचालकांपर्यंत जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला जाणारा ऑनलाइन मॉनिटरिंगचा डेटा बहुधा स्वतंत्र डेटा लॉगरमधून जातो. पण तुमच्याकडे तो कोणी एमक्यूटीटीच्या वाटेने या गेटवेमधून वळवला असेल, तर त्या मॉड्यूलची गणना सगळ्यात जपायच्या मॉड्यूलांत करावी लागेल. साखर आणि डिस्टिलरी हे दोन्ही उद्योग केंद्रीय मंडळाच्या अतिप्रदूषणकारी १७ वर्गांत मोडतात, तेव्हा त्या डेटात पडलेला खंड खुलाशाशिवाय सुटत नाही.

एखादा ड्रायव्हर वापरात आहे की नाही याची खात्री नसेल तर मॉड्यूल थेट अनइन्स्टॉल करू नये. आधी त्या ड्रायव्हरखालची डिव्हाइस कनेक्शन एकेक करून डिसेबल करावीत आणि काही दिवस पाहावे. कोणाचा फोन आला की कनेक्शन लगेच परत चालू करता येते. महिन्याकाठी एकदाच चालणारा एखादा अहवाल असू शकतो, म्हणून हे पाहणे महिनाअखेर ओलांडून करावे.

वजनकाट्याच्या मॉड्यूलबद्दल मी सुरुवातीलाच ठाम बोललो, त्याचे कारण देतो. तुमच्या वर्णनावरून काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून वजनाची एक ओळ सतत पाठवतो आणि खास मॉड्यूल ती ओळ वाचून टॅगमध्ये टाकते. एवढ्या कामासाठी स्वतंत्र मॉड्यूलची गरज नाही. बाजारात मिळणारा सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर इंडिकेटरजवळ बसवावा आणि मूळ कंपनीच्या यूडीपी-टीसीपी ड्रायव्हरने ती ओळ वाचावी. त्या ड्रायव्हरला ओळ कुठे संपते हे सांगावे लागते. ते विशिष्ट चिन्हावरून ओळखता येते किंवा ठरावीक लांबीवरून. इंडिकेटरच्या पुस्तिकेत ओळीचा नमुना दिलेला असतो. नसेल तर लॅपटॉपवर टर्मिनल प्रोग्रॅम उघडून ट्रॉली काट्यावर असताना येणाऱ्या काही ओळी उतरवून घ्या: उणे चिन्ह कुठे येते, वजन स्थिर झाल्याची खूण कोणती, दशांश चिन्ह पाठवले जाते की गृहीत धरले जाते. यातले दशांशाचे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यासंबंधी एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. शेतकऱ्याच्या उसाचे बिल ज्या वजनावर निघते ते वजन काट्याच्या स्वतःच्या प्रणालीतून शेती विभागाकडे गेले पाहिजे. स्काडातले वजन हे फक्त गाळपाचा वेग दाखवण्यासाठी असावे. ही दोन वजने एका वाटेवर आणून ठेवली, तर तुमच्या ड्रायव्हरमधली दशांशाची चूक थेट गव्हाणीपासून गटऑफिसपर्यंत वाद पेटवील.

त्या खास मॉड्यूलच्या संदर्भात आणखी एक तपासणी आजच करा. इग्निशनच्या मॉड्यूलवर कर्त्याची डिजिटल सही असावी लागते आणि बाहेरचे मॉड्यूल बसवताना त्याचे प्रमाणपत्र आपण मान्य करावे लागते. सही नसलेले मॉड्यूल गेटवे घेत नाही. पण मॉड्यूल लिहिणाऱ्यांच्या सोयीसाठी इग्निशन.कॉन्फ या फाईलमध्ये एक ओळ घालून ही अट उठवता येते, आणि काही इंटिग्रेटर ती ओळ साईटवर तशीच सोडून जातात. तुमच्या गेटवेवर ती ओळ सापडली तर याचा अर्थ असा की कोणीही, कुठूनही आणलेले मॉड्यूल त्यावर चढू शकते, आणि त्याला तुमच्या पीएलसीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा आहे. वजनकाट्याचे मॉड्यूल काढल्याच्या दिवशीच ती ओळही काढा आणि गेटवे रीस्टार्ट करा.

चाचणीच्या यंत्राविषयी आता. वेगळा सर्व्हर घ्यायला मंजुरी मिळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्याची गरजही नाही. बऱ्यापैकी मेमरी असलेला जुना ऑफिस पीसी पुरतो, आणि चाचणीसाठी लायसन्स लागत नाही, कारण ट्रायलचे दोन तास संपले की ते पुन्हा पुन्हा सुरू करता येतात. त्यावर आधी तुमच्या गेटवेची नेमकी हीच ८.१ ची उपआवृत्ती बसवा, बाहेरची मॉड्यूल चढवा आणि गेटवे बॅकअप पूर्ववत करा. पूर्ववत करताना सगळे डिसेबल अवस्थेत आणण्याचा जो पर्याय आहे तो न विसरता निवडा. तो निवडला नाही तर चाचणीचा गेटवे उठल्याबरोबर खऱ्या पीएलसींशी बोलू लागतो, त्याच डेटाबेसमध्ये लिहू लागतो, आणि अलार्मचे मेसेज लोकांना दोनदा जाऊ लागतात. शक्य असेल तर तो पीसी प्लांटच्या नेटवर्कला जोडूच नये. इग्निशनमध्ये स्वतःचा डिव्हाइस सिम्युलेटर आहे, त्यावर बरेचसे पडदे हलवून पाहता येतात.

इथे एक सूचना. मॉड्यूल यादीत चालू दिसते, टॅगचा दर्जाही चांगला दिसतो, म्हणून आकडा बरोबर आहे असे समजू नका. मॉडबसचे रजिस्टर १६ बिटांचे असते. फ्लो मीटरचा ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत विभागून येतो, आणि त्यातले पहिले कोणते व दुसरे कोणते याचा क्रम ड्रायव्हरच्या डिव्हाइस सेटिंगमध्ये ठरतो. पत्ते शून्यापासून मोजायचे की एकपासून, हेही तिथेच ठरते. ड्रायव्हर बदलताना किंवा डिव्हाइस नव्याने जोडताना यातले एखादे सेटिंग पालटले तर काही आकडे उघडपणे वेडेवाकडे दिसतात आणि ते लगेच सापडतात. पण पत्ता एकाने सरकल्यावर शेजारच्या रजिस्टरमधला समजूतदार दिसणारा आकडा आला, तर तो अनेक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक डिव्हाइसचे किमान दोन आकडे मीटरच्या डिस्प्लेसमोर उभे राहून, दुसऱ्या माणसाला फोनवर ठेवून जुळवावेत.

उलट बाजूची गोष्टही घडते, की दोष नसताना मॉड्यूलवर खापर फुटते. सीमेन्सच्या एस७-१२०० आणि १५०० पीएलसींतून नेहमीच्या सीमेन्स ड्रायव्हरने वाचायचे असेल तर पीएलसीत पुट-गेटची (बाहेरून डेटा वाचू-लिहू देण्याची) परवानगी चालू असावी लागते आणि त्या डेटा ब्लॉकचे ऑप्टिमाइज्ड अॅक्सेस बंद असावे लागते. ऑफ-सीझनमध्ये कंत्राटदाराचा माणूस टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरवरून प्रोग्रॅम बदलतो, नवा ब्लॉक तयार करतो, आणि नव्या ब्लॉकला ऑप्टिमाइज्ड अॅक्सेस आपोआप चालू असते. त्याच आठवड्यात तुम्ही गेटवेवर काही बदल केलेला असेल तर सगळ्यांचे बोट तुमच्याकडे वळते. यावर उपाय एवढाच की पीएलसीचे डाऊनलोड आणि गेटवेचे बदल एकाच दिवशी होऊ द्यायचे नाहीत आणि दोन्हींची नोंद एकाच वहीत ठेवायची. टीआयए पोर्टलमध्ये प्रोजेक्ट नव्या आवृत्तीत उघडून बदलला की तो जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही, म्हणून त्या माणसाला आधी विचारा: कोणत्या आवृत्तीत काम करणार आणि मूळ प्रत कोणाकडे राहणार?

आता ८.३ कडे. ८.१ नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि ८.३ ही २०२५ मध्ये. यातला महत्त्वाचा बदल पडद्यांवर दिसत नाही. ८.१ पर्यंत गेटवेची बरीचशी मांडणी आतल्या एका छोट्या डेटाबेसमध्ये राहत असे, ८.३ मध्ये ती डिस्कवरच्या फाईलींमध्ये गेली आहे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हे फार चांगले आहे, कारण कोणी काय बदलले हे फाईली ताडून पाहता येते. पण बाहेरच्या मॉड्यूलांसाठी याचा अर्थ असा की त्यांच्या कर्त्यांना मॉड्यूल नव्या रचनेसाठी पुन्हा बांधावे लागते आणि जुनी सेटिंग नव्या जागी नेण्याची सोयही त्यांनाच लिहावी लागते. मूळ कंपनीची मॉड्यूल इन्स्टॉलर स्वतः अद्ययावत करतो; बाहेरची मात्र तुम्हाला हाताने आणून बसवावी लागतात. एमक्यूटीटी इंजिनच्या कर्त्याकडून ८.३ साठीची फाईल मिळवा आणि चाचणीच्या पीसीवर ती चढवून पाहा. वजनकाट्याचे मॉड्यूल तोवर गेलेले असेल, म्हणजे तो प्रश्न उरत नाही. लायसन्स ८.३ ला लागू आहे का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. लागू नसेल तर अपग्रेड यशस्वी होऊनही गेटवे ट्रायलवर चालेल आणि दर दोन तासांनी कोणीतरी पान उघडून ती पुन्हा सुरू करत बसेल.

मागे येण्याची वाट बांधल्याशिवाय पुढे जायचे नाही. ८.१ चा बॅकअप ८.३ वर पूर्ववत होतो, ८.३ चा ८.१ वर होत नाही. म्हणून बदलाच्या दिवशी एका पेन ड्राइव्हवर आणि एका दुसऱ्या यंत्रावर या गोष्टी एकत्र असाव्यात: तुमच्या नेमक्या उपआवृत्तीचा जुना इन्स्टॉलर, त्याच सकाळी घेतलेला गेटवे बॅकअप, बाहेरच्या मॉड्यूलांच्या जुन्या फाईली, हिस्टोरियनच्या डेटाबेसचा स्वतंत्र बॅकअप आणि लायसन्स की. गेटवे बॅकअपमध्ये बाहेरच्या मॉड्यूलच्या मूळ फाईली असतील असे गृहीत धरू नका. अनेक जण नेमके इथे अडकतात: बॅकअप आहे, पण मॉड्यूलची जुनी फाईल कोणाकडेच नाही आणि कर्त्याच्या संकेतस्थळावर फक्त नवी ठेवलेली आहे. लायसन्स की सहा अक्षरांची असेल तर ती त्या यंत्राशी बांधलेली असते, तेव्हा यंत्र बदलायचे असल्यास जुन्यावरून ती आधी सोडवून घ्यावी लागते. आठ अक्षरांची असेल तर गेटवेला लायसन्स सर्व्हरशी वेळोवेळी इंटरनेटवरून संपर्क ठेवावा लागतो, आणि गावाबाहेरच्या कारखान्यात पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

शेवटी वेळ कोणती निवडावी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याला हा प्रश्न पडत नाही; तिथे आठवडी सुट्टीच्या दिवशी काम उरकता येते आणि मॉड्यूलही मोजकीच असतात. साखर कारखान्यात सगळे म्हणतात की हंगाम संपला की वेळच वेळ. पण हंगाम संपल्यावर पॅनेल बंद होतात, ट्रान्समीटर कॅलिब्रेशनसाठी उतरवले जातात, केबल बदलल्या जातात, आणि मग अपग्रेड झाले तरी जुळवून पाहायला जिवंत आकडेच नसतात. शिवाय तुमची डिस्टिलरी मोलॅसिसवर पुढेही चालते आणि ती याच गेटवेवर आहे, म्हणजे तुमच्या गेटवेला खऱ्या अर्थाने ऑफ-सीझन नाही. म्हणून मी काम असे विभागेन: एप्रिल-मेमध्ये चाचणीच्या पीसीवर पूर्ण रंगीत तालीम, डिस्टिलरीच्या ठरलेल्या देखभाल बंदमध्ये प्रत्यक्ष बदल आणि त्याच बंदमध्ये डिस्टिलरीचे आकडे जुळवणे, मिल आणि बॉयलिंग हाऊसचे आकडे वॉटर ट्रायलच्या (हंगामाआधी पाण्यावर यंत्रे चालवून पाहण्याच्या) वेळी, ट्रान्समीटर परत जागेवर आल्यावर. बॉयलर अग्निप्रदीपनाचा दिवस ठरला की त्यानंतर गेटवेवर एकही मॉड्यूल चढणार किंवा उतरणार नाही, असे चीफ इंजिनिअर साहेबांच्या सहीने लिहून घ्या. एमक्यूटीटीचे मॉड्यूल तालमीत समाधानकारक चालले नाही तर या वर्षी ८.१ वरच राहा. एक हंगाम जुन्या आवृत्तीवर काढल्याने गाळप थांबत नाही.

नवे मॉड्यूल घेण्याची वेळ आली तर खरेदी आदेशात तीन अटी घालून घ्या: मॉड्यूल सही केलेले असेल, प्रत्येक आवृत्तीची मूळ फाईल कारखान्याच्या ताब्यात दिली जाईल, आणि गेटवेच्या पुढील मुख्य आवृत्तीसाठीचे मॉड्यूल किती महिन्यांत व कोणत्या दरात मिळेल हे आजच ठरेल. तिसरी अट मान्य करायला जो विक्रेता का-कू करतो, त्याच्याकडून मी मॉड्यूल घेत नाही; त्याच्याकडून फार तर डेटा एका साध्या मॉडबस किंवा ओपीसी यूए (डेटा देवाणघेवाणीचे खुले मानक) पत्त्यावर मागतो आणि तो मूळ ड्रायव्हरने वाचतो.